बेळगावात डिग्री करताना: बस, नोटीस बोर्ड, हजेरी आणि उरलेल्या वेळात अभ्यास

बेळगावात ‘युनिव्हर्सिटीला आहे’ असं कुणी सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कुठल्या? राणी चन्नम्मा विद्यापीठ भूतरामनहट्टीला, व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं) मुख्यालय मच्छेला, केएलईचं अभिमत विद्यापीठ नेहरूनगरात. चन्नम्मा विद्यापीठ २०१० सालचं. त्याआधी तिथं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं. जिल्ह्यातली बीए, बीकॉम, बीएस्सीची बहुतेक कॉलेजं त्यालाच जोडलेली. व्हीटीयू १९९८ सालचं, अख्ख्या राज्याच्या इंजिनिअरिंगचं. निपाणीची तऱ्हा आणखी वेगळी. गावाला चिकटून असलेल्या अर्जुननगरचं देवचंद कॉलेज कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेलं. एकाच गल्लीतली दोन मुलं दोन राज्यांच्या दोन विद्यापीठांत शिकतात. सुट्ट्या वेगळ्या, निकाल वेगळे, स्कॉलरशिपची पोर्टलं वेगळी.

माहितीपत्रकात यातलं काही नसतं. तिथं इमारत, ग्रंथालय आणि स्नेहसंमेलनाचे फोटो असतात. आणि डिग्रीच्या बहुतेक मुलांचा विद्यापीठाशी संबंध येतो तो हॉलतिकीट आणि मार्क्सकार्डापुरताच. रोजचं सगळं आपल्या कॉलेजात. इथली मुलं पहिल्या वर्षी मागं पडतात ती अभ्यास अवघड असतो म्हणून कमी, आणि बस, अर्ज, हजेरी यांचा मेळ बसत नाही म्हणून जास्त. हे जमलं की अभ्यासाला वेळ आपोआप निघतो.

बसपासूनच सुरुवात करू. भूतरामनहट्टी शहरापासून १८-२० किलोमीटर, कोल्हापूरच्या वाटेवर, काकती आणि होनगा ओलांडल्यावर, प्राणिसंग्रहालयाच्या शेजारी. संकेश्वर, हुक्केरी, यमकनमर्डी, चिकोडी, निपाणी या बाजूच्या गाड्या तिथूनच जातात. जातात खरं, पण सगळ्या थांबत नाहीत. ऑर्डिनरी थांबते, लांब पल्ल्याची गाडी कंडक्टरच्या मर्जीवर. म्हणून दारातच विचारायचं, ‘युनिव्हर्सिटी स्टॉप ऐतेन्री?’, म्हणजे युनिव्हर्सिटीला थांबा आहे का? ‘ऐतरी’, म्हणजे आहे, असं उत्तर आलं तरच पाय वर ठेवायचा, नाहीतर वंटमुरीच्या पुढं उतरून उलटी बस शोधत बसावं लागतं. विद्यापीठाचा नवा परिसर हिरे बागेवाडीकडे, म्हणजे बरोबर उलट्या दिशेला, धारवाड रस्त्यावर आहे. प्रवेश घेताना आपला विभाग यंदा कुठं भरतोय, हे ऑफिसात स्पष्ट विचारून घ्यावं आणि मगच खोली बघावी.

खानापूर, बैलहोंगल किंवा हुक्केरी तालुक्यातल्या आतल्या गावातून येणाऱ्याला दोन गाड्या बदलाव्या लागतात. गावातून निघणारी सकाळची पहिली गाडी आणि नंतरची यांत तास-दीड तासाचं अंतर असतं. पहिली चुकली की दुसरीनं येऊन पहिला तास मिळत नाही. साडेसात ते साडेनऊ ही वेळ सगळ्यांचीच, कारखान्यातल्या कामगारांची, बाजाराला येणाऱ्यांची आणि कॉलेजची. मधल्या स्टॉपवरच्या मुलांना अशा वेळी गाडी भरलेलीच मिळते. गाडी जिथून सुटते तिथं चढणं आणि रोज वीस मिनिटं आधी पोचणं, एवढाच त्यावरचा उपाय.

मुलींसाठी ११ जून २०२३ पासून कर्नाटक सरकारची मोफत बसप्रवासाची शक्ती योजना आहे. कर्नाटकाचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवलं की शहर बस, ऑर्डिनरी आणि वेगदूत (एक्स्प्रेस) गाडीत तिकीट शून्य रुपये. मात्र ते शून्याचं तिकीट मागून घ्यायचं आणि उतरेपर्यंत सांभाळायचं. चेकिंगला तेच बघतात. कोल्हापूर-पुण्याला जाणारी आंतरराज्य गाडी या योजनेत बसत नाही, मग तुम्हाला मधेच का उतरायचं असेना. चंदगड तालुक्यातल्या कार्वे, तुडये, शिनोळीकडून बेळगावला शिकायला येणाऱ्या मुलींची अडचण तिथंच होते. आधार महाराष्ट्राचं, त्यामुळे कर्नाटकाच्या गाडीत पूर्ण तिकीट. महाराष्ट्राच्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, तेही राज्याच्या हद्दीपर्यंत.

मुलांना पास काढावा लागतो. अर्ज कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवर, त्याला कॉलेजची मंजुरी, मग पैसे भरून काउंटरवरून कार्ड. घोळ होतो तो मार्ग भरताना. दोन गाड्या बदलत असाल तर गाव ते कॉलेज एवढंच लिहून भागत नाही; कुठं बदलता तेही आलं पाहिजे, नाहीतर दुसऱ्या गाडीचा कंडक्टर पास मानत नाही. नाव, कॉलेज आणि कोर्सचं वर्ष जुळत नसेल तर कॉलेजचं लॉगिन अर्ज परत पाठवतं आणि ते तुम्हाला कोणी कळवत नाही. चार-चार दिवसांनी स्वतःच उघडून बघायचं. रायबाग, कुडची, उगार, शेडबाळ किंवा इकडं खानापूर, लोंढ्याच्या मुलांना रेल्वे बरी. रेल्वेचा नियम असा, की मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत घर ते कॉलेज दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत. त्यापुढच्या मुलांनाही सवलतीचा पास मिळतो. त्यासाठी कॉलेजचा दाखला ठरलेल्या नमुन्यातच लागतो, साधं बोनाफाईड स्टेशनवर चालत नाही.

आता भाषा. मराठी शाळेतून आलेल्या मुलांच्या घरी सगळ्यात मोठी धास्ती हीच. वर्गात मात्र ती धास्ती पहिल्या महिन्यातच निवते. इंजिनिअरिंग, सायन्स, कॉमर्सची पुस्तकं इंग्रजीत, शिकवणं इंग्रजी-कन्नड मिसळून, आणि मागच्या बाकावर मराठी चालूच असतं. आर्ट्सला शिक्षक बोलता बोलता कन्नडमध्ये शिरतात. तेव्हा ‘सर, एकदा इंग्लिशमध्ये सांगा’ म्हटलं तर कोणी राग धरत नाही. उत्तर कुठल्या भाषेत लिहायला परवानगी आहे, हे मात्र विषयवार पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवावं. ऐनवेळी पर्यवेक्षकाला विचारून उपयोग नसतो.

खरी अडचण ऑफिसात आणि नोटीस बोर्डावर. परिपत्रकं कन्नडमध्ये असतात. ‘मित्र सांगेल’ यावर विसंबलं की तारीख हुकते, कारण मित्रही त्याच्या मित्रावर विसंबलेला असतो. बोर्डावरचा एखादा कागद जवळ जाऊन नीट बघा. वर विद्यापीठाचं नाव, डावीकडं क्रमांक, उजवीकडं दिनांक. खाली ‘विषय’, मग ‘उल्लेख’, म्हणजे कुठल्या आधीच्या पत्राच्या आधारे हे काढलंय ते. शेवटी सही कुलसचिवांची. कुलसचिवांपुढं ‘मौल्यमापन’ असेल तर कागद परीक्षेचा आहे, आधी तोच वाचायचा. मधल्या मजकुरात बहुतेक वेळा दोन तारखा असतात: ‘दंडरहित’ आणि ‘दंडसहित’. पहिली विनादंड फी भरायची, दुसरी दंडासह. ‘कोनेय दिनांक’ दिसलं की शेवटची तारीख. ‘फलितांश’ निकाल, ‘अंकपट्टी’ मार्क्सकार्ड, ‘हाजराती’ हजेरी, ‘रजे’ सुट्टी. शुल्क, अर्जी, परीक्षे, प्रवेश, वेळापट्टी हे तर आपले ओळखीचेच. आकडे सहसा इंग्रजीतच असतात. एवढ्या डझनभर शब्दांवर नव्वद टक्के नोटिसा सुटतात.

त्यासाठी लिपी यायला हवी, आणि ती घाबरण्यासारखी नाही. क-ख-ग-घ हाच क्रम, बाराखडीही तशीच. रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन आठवड्यांत बसची पाटी वाचता येते. अडखळायला होतं ते ठरावीक ठिकाणी. प, व, म आणि ष ही अक्षरं पहिल्यांदा एकसारखीच दिसतात. जोडाक्षराचं दुसरं अक्षर शेजारी न येता खाली लटकतं. आणि ए-ओ हे स्वर ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन आहेत, जो फरक आपल्या कानाला सवयीचा नाही. बसच्या पाट्यांवरच सराव करावा. गावांची नावं माहीत असतात, त्यामुळे चूक लगेच कळते.

व्हीटीयूच्या मुलांना पहिल्या वर्षी कन्नडचा एक क्रेडिटचा विषय असतो. कन्नड येत असेल त्यांना ‘सांस्कृतिक कन्नड’, येत नसेल त्यांना ‘बळके कन्नड’, म्हणजे व्यवहारातलं बोलणं. इथल्या मराठी माध्यमाच्या मुलांनी शाळेत कन्नड एक भाषा म्हणून घेतलेलं असतं, म्हणून कॉलेज त्यांना सरळ पहिल्या गटात टाकतं. वाचता येत असेल तर ठीक; नसेल तर यादी अंतिम व्हायच्या आत बदलून घ्या. प्रश्न वस्तुनिष्ठ असतात. एकच क्रेडिट म्हणून हयगय केली तर तो विषय शेवटच्या वर्षापर्यंत बॅकलॉग म्हणून मागं लागतो.

हजेरीचा हिशेब लोक चुकीचा करतात. ‘माझी हजेरी ऐंशीच्या वर आहे’ हे एकूण टक्के झाले. मोजली जाते ती विषयवार. साधं गणित बघा. आठवड्याला चार तास असलेल्या विषयाचे सोळा आठवड्यांत ६४ तास होतात. ७५ टक्के म्हणजे ४८, चुकवता येतात १६. म्हणजे आठवड्याला एक तास बुडाला तर तुम्ही बरोबर काठावर, एकसुद्धा आजारपण परवडत नाही. आणि बस उशिरा आली की बुडतो तो दरवेळी पहिलाच तास, म्हणजे वेळापत्रकात जो विषय सकाळी जास्त वेळा आहे तोच. बाकी सगळीकडं नव्वद आणि त्या एकात अडुसष्ट, असं बेळगावात बाहेरगावच्या मुलांचं हमखास होतं. व्हीटीयूत तर नियम ८५ टक्क्यांचा, म्हणजे ६४ पैकी ५५. हातात फक्त नऊ. वेळापत्रक लागलं की पहिल्या तासाचे विषय वहीच्या मागं लिहून त्यांची हजेरी स्वतः मोजावी. आणि ज्या सरांचा तो विषय आहे त्यांना आपलं गाव आणि बसची वेळ सुरुवातीलाच सांगून ठेवावी. नोव्हेंबरात सांगितली की ती सबब वाटते.

पावसाळ्यात हे आणखी बिघडतं. जुलै-ऑगस्टला खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडं ओढ्यांवर पाणी आलं की गाडीच येत नाही. सुट्टी जिल्हाधिकारी जाहीर करतात. ती शाळांना आहे की पीयूसी (अकरावी-बारावी) आणि डिग्रीलाही, हे बातमीत नीट वाचायचं. बऱ्याचदा डिग्री कॉलेज चालूच असतं.

गुणांमध्येही असाच एक सापळा आहे. व्हीटीयूच्या २०२२च्या स्कीममध्ये, म्हणजे त्या सालच्या अभ्यासक्रमात, विषयाला अंतर्गत ५० आणि सेमिस्टरअखेर ५०. अखेरचा पेपर लिहायचा १०० चा, मग त्याचे निम्मे होतात. अंतर्गतमध्ये किमान २०, पेपरात किमान १८. आता २० आणि १८ किती झाले? ३८. आणि एकूण पास व्हायला ४० लागतात. दोन्हीकडं ‘पास’ असून विषय राहिला, असं त्यामुळं होतं. अंतर्गतमध्ये काठावर असाल तर पेपरात १०० पैकी ३५ चं नव्हे, ४० चं लक्ष्य ठेवावं लागतं. पेपराची रचना पाच मॉड्यूल, प्रत्येकाचे दोन प्रश्न, त्यातला एक सोडवायचा, प्रत्येकी २० गुण. म्हणजे एक मॉड्यूल पूर्ण सोडलं तर २० गुण सरळ गेले. चार मॉड्यूल नीट करणारा पास होतो, पाचही अर्धवट वाचणारा लटकतो.

शिवाय वर्गाबाहेरच्या उपक्रमांचे शंभर ॲक्टिव्हिटी पॉइंट्स लागतात, डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना ७५. ते एसजीपीएत (सेमिस्टरच्या गुणांच्या सरासरीत) धरत नाहीत, पण त्यांच्याशिवाय पदवी मिळत नाही. आठव्या सेमिस्टरला श्रमदानाचे फोटो गोळा करत फिरणाऱ्यांची गर्दी त्यामुळेच.

झेरॉक्सच्या दुकानातून सिनिअरच्या नोट्स उचलण्याआधी विषयाचा कोड बघा. व्हीटीयूत कोडची सुरुवात १८ किंवा २१ नं असेल तर तो त्या-त्या सालच्या स्कीमचा, ‘बी’नं असेल तर २०२२ चा. विषयाचं नाव तेच राहतं, आतली मॉड्यूलं हललेली असतात. बीए-बीकॉमला तर घोटाळा मोठा आहे. २०२१-२२ ला राज्यात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं, चार वर्षांची पदवी झाली. २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांवर. एकाच घरात थोरल्या बहिणीचा अभ्यासक्रम एक, धाकट्याचा दुसरा. जुने पेपर सोडवताना वरती स्कीम छापलेली असते, ती आपली आहे का ते आधी बघायचं.

शिकवण्याबद्दल स्पष्टच बोलायचं तर नशिबाचा भाग मोठा. सरकारी डिग्री कॉलेजांची बरीच भिस्त अतिथी प्राध्यापकांवर असते. त्यांच्या नेमणुका लांबल्या किंवा ते संपावर गेले की काही विषयांचा अर्धा सेमिस्टर रिकामा जातो आणि शेवटच्या तीन आठवड्यांत नोट्स उतरवून घेण्याचा कार्यक्रम होतो. चांगले शिक्षकही त्याच इमारतीत असतात. ते कोण, हे सिनिअर पाच मिनिटांत सांगतात. गणपत गल्लीतलं सार्वजनिक वाचनालय, जे १८४८ सालचं म्हणून ओळखलं जातं, मराठी विषयाच्या मुलांना कॉलेजच्या ग्रंथालयापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

स्कॉलरशिपचं पोर्टल एसएसपी. याला कॉलेज सुरू झाल्याच्या पहिल्या महिन्यातच हात घालायचा. आधी नाडकचेरीतून, म्हणजे स्थानिक महसूल कार्यालयातून, जात आणि उत्पन्नाचा दाखला. त्यावरचा आरडीनं सुरू होणारा क्रमांक पोर्टलला लागतो, कागद नव्हे. मग आधार, एसएसएलसीचा (दहावीचा) नोंदणी क्रमांक, कॉलेजचा नोंदणी क्रमांक. काही कागदांना कॉलेजमधल्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडून ई-ॲटेस्टेशन करून घ्यायचं, त्याचा आयडी अर्जात टाकायचा. आणि शेवटी बँक. पैसे तुम्ही लिहिलेल्या खात्यात येत नाहीत. आधार शेवटचं ज्या बँकेला जोडलं गेलं त्या खात्यात जातात. मोबाईलच्या दुकानात सिमबरोबर उघडून दिलेल्या पेमेंट बँकेत स्कॉलरशिप पडून राहते आणि मुलगा सोसायटीच्या बँकेत पासबुक भरून बघत राहतो. म्हणून अर्जाआधी आधार सीडिंग कुठल्या बँकेला आहे ते तपासून घ्यावं.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावावर. आपल्याकडं ज्ञानेश्वर इंग्रजीत ‘डी-एन-वाय’नं लिहितात, कन्नडवरून इंग्रजी करणारा ‘जे-एन’नं लिहितो. शाळेत एक, आधारवर दुसरं. चौगुले, चौगले, वैष्णवीत ‘ए-आय’ की ‘वाय’, वडिलांचं नाव मधे की आडनाव मधे. माणसाला दोन्ही एकच दिसतात, पोर्टलला नाही. एसएसएलसीचं मार्क्सकार्ड हा मूळ आधार धरून आधारमध्ये बदल करून घेणं त्यातल्या त्यात सोपं. उलट करायला गेलात तर बोर्डाच्या दारात वर्ष जातं.

मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गीयांच्या ३ बी प्रवर्गात आहे. इकडचा जातीचा दाखला महाराष्ट्रात आरक्षणाला चालत नाही, तिकडचा इकडं चालत नाही. मागासवर्गीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर विद्यासिरी या राज्य सरकारच्या योजनेतून जेवण-राहण्यासाठी दरमहा ठरावीक रक्कम मिळू शकते. घर कॉलेजच्याच गावात असेल तर नाही.

महाराष्ट्रात जायचं तर सीमाभागातल्या, महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतो त्या, ८६५ गावांच्या मुलांना वेगळी वाट आहे. तिकडच्या इंजिनिअरिंग प्रवेशात ‘टाइप ई’ म्हणून गट असतो: दहावी किंवा बारावी वादग्रस्त सीमाभागातून झालेली आणि मातृभाषा मराठी. त्यासाठी रहिवासाचं आणि मातृभाषेचं अशी दोन प्रमाणपत्रं ठरलेल्या नमुन्यात लागतात. दोन्ही इथूनच मिळवायची, आणि काउंटरवर ‘हे कशाला?’ ऐकून घ्यायची तयारी ठेवायची. सीईटीच्या निकालानंतर धावपळ करण्यापेक्षा मार्च-एप्रिलमध्येच कागद हातात हवेत. उलट, दहावीपासून कोल्हापूरला शिकून परत इकडच्या सीईटीला बसणाऱ्यांनी कर्नाटकातल्या सात वर्षांच्या शिक्षणाची अट आधी मोजून बघावी. तिथं नुसता घरचा पत्ता पुरत नाही.

खोली बघताना बेळगावात भाड्याआधी पाणी विचारायचं. काही वॉर्डांत चोवीस तास नळ, काही ठिकाणी कित्येक दिवसांनी एकदा. त्यामुळे टाकी केवढी आणि किती जणांत, हे भाड्याइतकंच महत्त्वाचं. शहापूर, खासबागच्या जुन्या घरांतल्या तळमजल्याच्या खोल्या स्वस्त, पण जूनला भिंती ओल धरतात, कपडे चार दिवस वाळत नाहीत आणि पुस्तकांना बुरशी येते. वरच्या मजल्यावरची, पश्चिमेकडं पत्रा किंवा छज्जा असलेली खोली थोडे जास्त देऊन घ्यावी. वीजमीटर वेगळा आहे का तेही बघा. गृहज्योती या सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत बिल शून्य येत असताना मालक युनिटचे पैसे घेतो, असं सर्रास चालतं. टिळकवाडी, हिंदवाडीला खोल्या भरपूर, मात्र वाटेत रेल्वे गेट लागत असेल तर ते बंद असण्याची वेळ रोजच्या हिशेबात धरा. भूतरामनहट्टीच्या मुलांना मध्यवर्ती बसस्थानकाच्या चालत्या अंतरावरची लहान खोली ही टिळकवाडीतल्या ऐसपैस खोलीपेक्षा बरी पडते.

खानावळीचा हिशेब महिन्याच्या साठ जेवणांवर असतो. खाडा धरायचे नियम प्रत्येकाचे वेगळे: कुणी आदल्या रात्री सांगितलं तर एक वेळही वजा करतो, कुणी सलग तीन दिवस झाले तरच. शनिवारी गावाला जाणाऱ्यानं हे ठरवूनच आगाऊ पैसे द्यावेत, कारण महिन्याची आठ-दहा जेवणं तशीच बुडतात. रविवारी रात्री बहुतेक खानावळी बंद. भाकरी मिळते का आणि वाढून देतात की मोजून, हे एक दिवस रोख पैसे देऊन जेवून बघितल्याशिवाय कळत नाही. सकाळी उपाशी बस पकडणारा दहा वाजता कॅन्टीनला उप्पीट आणि चहावर जे घालवतो, ते महिन्याअखेरीस खानावळीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं होतं. आदल्या रात्रीच्या दोन चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात टाकली की तेवढे वाचतात.

१ नोव्हेंबरचा सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिवस आणि त्याच दिवशीचा कर्नाटक राज्योत्सव, आणि डिसेंबरातलं सुवर्ण विधानसौधातलं कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, या काळात बसचं वेळापत्रक धरू नका. सुवर्णसौध धारवाड रस्त्यालाच आहे, त्यामुळे मोर्चे आणि बंदोबस्त त्याच वाटेवर. हिरे बागेवाडीकडं जाणाऱ्यांनी तास-दीड तास जादा धरावा. विषम सेमिस्टरच्या परीक्षा नेमक्या याच सुमारास येतात. सीमेवरून काही पेटलं की दोन्हीकडची महामंडळं आंतरराज्य गाड्या बंद करतात. मग निपाणीपर्यंत इकडची गाडी, कोगनोळीच्या पुढं जे मिळेल ते. चंदगडकडं जायचं तर बाचीपर्यंत येऊन शिनोळीला चालत. त्या काळात परीक्षा असेल तर सीमेपलीकडून येणाऱ्यानं आदल्या रात्री बेळगावात मुक्काम करावा. पेपरला ‘बस नव्हती’ हे कारण चालत नाही, आणि पेपर पुढं ढकलल्याच्या अफवा तेव्हाच सगळ्यात जास्त फिरतात. कुलसचिव मौल्यमापन यांची सही असलेला कागद दिसेपर्यंत कुठलाच फॉरवर्ड खरा धरू नये.

निकालात गुण कमी वाटले तर आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवावी, मग फेरतपासणी. मुदत मोजक्या दिवसांची असते आणि फी विषयागणिक. फोटोकॉपीत दोन गोष्टी बघायच्या: एखादं उत्तर तपासायचंच राहिलंय का, आणि बेरीज. या दोन्हींत काही सापडलं नाही तर फेरतपासणीचे पैसे शक्यतो वाचवावेत.

शेवटच्या सेमिस्टरचं मार्क्सकार्ड छापून येण्याआधी नावाचं स्पेलिंग सुधारून घ्या, नंतर शपथपत्र, राजपत्र असा फेरा लागतो. पुढं कोल्हापूर किंवा पुण्याला जायचं तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं आणि तिकडचं विद्यापीठ त्यावर पात्रता देतं. तोवर प्रवेश तात्पुरता. टीसीसाठी नो-ड्यूज, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा दाखला लागतो, त्यावर ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह, अकाउंट्स अशा सह्या. ग्रंथालयाची सही आधी घ्यावी, कारण अडतं तिथंच, तीन वर्षांपूर्वी मित्राला दिलेल्या पुस्तकावरून. टीसी मूळ प्रत नव्या कॉलेजात जमा होते आणि परत मिळत नाही. देण्याआधी पाच झेरॉक्स काढून ठेवाव्यात आणि एक स्कॅन फोनमध्ये.